निकॉन ॲक्शन ईएक्स १०×५०: किनाऱ्यावरच्या हिवाळी रात्रींसाठी

समुद्रकाठी आकाश पाहायला बायनॉक्युलर घ्यायचा तर ‘किती पट मोठं दिसतं’ हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं, आत हवा शिरते का? साध्या पोरो (आतल्या प्रिझममुळे नळ्या बाजूला सरकलेल्या असतात त्या) बायनॉक्युलरमध्ये फोकसचं चाक फिरवलं की नेत्रिका, म्हणजे डोळ्याकडची भिंगं, मागेपुढे सरकतात आणि नळ्या पंपासारखी बाहेरची हवा ओढतात. कोरड्या प्रदेशात त्याने फारसं बिघडत नाही. किनाऱ्यावर मात्र दर खेपेला ओलावा आत जातो, हळूहळू प्रिझमवर धुरकट थर धरतो आणि काचेच्या कडेने कोळ्याच्या जाळ्यासारखे बुरशीचे तंतू पसरतात. ते बाहेरून पुसता येत नाहीत. बायनॉक्युलर खोलावा लागतो आणि दोन्ही नळ्या पुन्हा एका रेषेत जुळवाव्या लागतात, ते घरी करायचं काम नव्हे.

ॲक्शन ईएक्स १०×५० ची (१० पट मोठं दाखवणारा, ५० मिमी भिंगांचा) शिफारस आहे ती याच कारणासाठी. नळ्यांमध्ये नायट्रोजन भरलेला, सांधे ओ-रिंगने (रबरी कड्यांनी) बंद, आणि १ मीटर पाण्यात ५ मिनिटं तग धरण्याची क्षमता कंपनीने दिलेली. आत पाण्याची वाफच नसल्यामुळे थंडीत भिंगं आतून धुरकटत नाहीत.

दृष्टिक्षेत्र, म्हणजे एका वेळी दिसणारं आकाश, ६.५ अंशांचं, म्हणजे पौर्णिमेचे तेरा चंद्र एका ओळीत मावतील इतकं. हिवाळ्याच्या आकाशाला हे माप फार छान बसतं. रोहिणीचा अख्खा शकट एका नजरेत येतो. कृत्तिका नुसत्या डोळ्यांना सहा दिसतात, इथे त्यांच्या भोवतीचे बारीक निळसर तारे भरून येतात आणि तरी चारी बाजूंना काळं आकाश उरतं. मृगाच्या तीन ताऱ्यांखालचा तेजोमेघ पंख पसरलेल्या राखाडी डागासारखा दिसतो. ययाती आणि शर्मिष्ठा यांच्यामधला जोडगुच्छ, कर्केतला पुष्य हा तारकागुच्छ आणि हंगामाच्या सुरुवातीला देवयानीतली दीर्घिका ही याची खरी गिऱ्हाइकं. शनीची कडी मात्र १० पटीत दिसणार नाहीत. गुरूचे चार चंद्र दिसतात, पण हात स्थिर असेल तरच. क्षेत्राच्या अगदी कडेला तारे थोडे ताणलेले दिसतात, या प्रकारच्या रुंद नेत्रिकांमध्ये ते धरूनच चालायचं. गुच्छ मधोमध ठेवावा.

चष्मेवाल्यांसाठी डोळ्याचं अंतर (नेत्रिकेपासून डोळा किती लांब ठेवून पूर्ण चित्र दिसतं ते) सुमारे १७ मिमी मिळतं, ते पुरतं. तरी नंबर फक्त जवळचा-लांबचा असेल, सिलिंडर नसेल, तर चष्मा काढूनच पाहावं. किनाऱ्यावर चष्म्याची काचही दवाने भरते, मग तारा कुठल्या काचेमुळे पुसट झाला ते कळत नाही. डावा डोळा मधल्या चाकाने, मग उजवा नेत्रिकेवरच्या कड्याने जुळवायचा, आणि कड्याची जागा लक्षात ठेवायची. अंधारात ते शोधत बसलं की टॉर्च लागतो आणि वीस-तीस मिनिटं सरावलेले डोळे वाया जातात.

आता दव. आतली हवा बंद असली तरी बाहेरच्या काचेला दवापासून सुटका नाही. निरभ्र रात्री आकाशाकडे रोखलेली काच आपली उष्णता वर सोडत राहते आणि भोवतालच्या हवेपेक्षा दोन-तीन अंशांनी थंड पडते. म्हणून हवामानाच्या अंदाजात फक्त तापमान बघू नये, शेजारी दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला दव धरू लागतं तो आकडा, बघावा. दोघांतलं अंतर ३ अंश किंवा कमी असेल तर काच लवकरच ओली होणार. उपाय साधा आहे. काळ्या फोमची ८ सेंमी रुंद पट्टी घ्यावी, नळीचा घेर दोऱ्याने मोजून त्यात २ सेंमी मिळवावेत आणि वस्तुभिंगापुढे (आकाशाकडच्या मोठ्या भिंगापुढे) निघेल अशी नळी गुंडाळावी. काचेला दिसणारं आकाश कमी झालं की ती सावकाश थंड होते. मध्ये थांबताना भिंगं खाली करून ठेवावीत. नेत्रिका धुरकटतात त्या डोळ्याच्या आणि श्वासाच्या ओलाव्याने. रबरी कप डोळ्यावर घट्ट दाबू नयेत, श्वास खाली सोडावा.

दव आलं की रुमाल काढण्याचा मोह होतो. तो आवरावा. दिवसभरच्या खाऱ्या वाऱ्यांनी काचेवर मिठाचे कण बसलेले असतात, पुसलं की ते काचेवरच्या पातळ लेपावर ओरखडे काढतात. आधी रबरी फुग्याने हवा मारावी. डाग उरला तर लेन्स टिश्यू डिस्टिल्ड वॉटरने ओला करून न दाबता टेकवावा आणि उचलावा, मगच अल्कोहोलचा क्लिनर. क्रम उलटा केला तर उपयोग नाही, कारण मीठ पाण्यात विरघळतं, अल्कोहोलमध्ये जवळजवळ नाही.

वेळ निवडण्यावर बरंच अवलंबून आहे. संध्याकाळी समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्यात बाष्प आणि मीठ दोन्ही असतात, क्षितिजापासून बऱ्याच उंचीपर्यंत आकाश दुधाळ दिसतं. रात्री जमीन निवली की मतलई वारे सुरू होतात. जमिनीकडची त्यातल्या त्यात कोरडी हवा समुद्राकडे वाहते आणि आकाश उघडतं. त्याच वेळी दवही वाढतं, म्हणून वरची फोमची नळी. हवा किती स्वच्छ आहे हे कृत्तिकांवरून ठरवावं: नुसत्या डोळ्यांनी सहा मोजता आल्या तर रात्र उत्तम, चारसुद्धा नीट लागल्या नाहीत तर चंद्र किंवा गुरू पाहून आवरतं घ्यावं. व्याध कितीही लुकलुकत असला तरी १० पटीत त्याने नुकसान होत नाही, इथे मारक ठरतो तो ओलसर धूसरपणाच. समुद्रातल्या मासेमारी नावांचे दिवेही त्यात पसरतात, तेव्हा खालच्या बाजूचे तारे त्या रात्रीपुरते सोडून द्यावेत.

वजन १०२० ग्रॅम. दहा मिनिटांत हात थरथरतो. मधल्या सांध्याच्या पुढच्या टोकाची टोपी काढली की ट्रायपॉडच्या अडॅप्टरसाठी आटे आहेत, आणि तो अडॅप्टर घ्यावाच. वाळूत पाय खचतात म्हणून खाली फळीचे तुकडे द्यावेत, मधला दांडा वर काढू नये, वारा त्यालाच हलवतो. डोक्यावरच्या भागासाठी ट्रायपॉड कुचकामी, तिथे आरामखुर्ची आणि कोपरांना आधार. परतल्यावर ट्रायपॉडचे पाय गोड्या पाण्याने धुवावेत, नाहीतर मिठाने क्लिप घट्ट बसतात.

ओल्या बायनॉक्युलरला झाकणं लावून पिशवीत तसाच कोंडून ठेवणं ही नेहमीची चूक. घरी आणल्यावर बंद पिशवी खोलीत फक्त तासभर ठेवून ती खोलीइतकी उबदार होऊ द्यावी, मग झाकणं काढून पूर्ण वाळवावा, रबरी आवरण ओल्या फडक्याने पुसावं, आणि नंतर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवावा. १० लिटरच्या डब्याला १०० ग्रॅम जेल भरपूर झालं. दाण्यांचा रंग बदलला की ते मंद आचेवर वाळवून घ्यायचे. सोबतच्या मऊ पिशवीत कायमचा ठेवू नये, कापड ओल धरून ठेवतं.

नवा आणल्यावर पहिल्याच रात्री ब्रह्महृदय या ठळक ताऱ्याकडे रोखावा, डोळे सैल ठेवून. क्षणभर जरी एका ताऱ्याचे दोन दिसले आणि मग डोळ्यांवर ताण येऊन एक झाले, तर नळ्या जुळलेल्या नाहीत. वापरून सवय होईल म्हणून ठेवून घेऊ नये, बदलून मागावा.