लाँचआधीची टेस्ट ड्राइव्ह: लगेच बुक करावी, थांबावं, की बाजारात आहे तीच घ्यावी?

लक्झरी कॉम्पॅक्ट एसयूव्हीचं नवं मॉडेल येऊ घातलं की निवडक ग्राहकांना लाँचआधीच गाडी चालवायला बोलावलं जातं. रस्ता आधीच ठरवलेला, शेजारी कंपनीचा माणूस, हातात जेमतेम अर्धा तास, आणि परत आल्यावर टेबलावर बुकिंगचा फॉर्म. त्या क्षणी तुमच्यापुढे तीन वाटा असतात. आत्ताच पैसे भरून रांगेत पुढचा नंबर घ्या, लाँच होऊन गाडी शोरूममध्ये येईपर्यंत थांबा, किंवा बाजारात असलेल्या तोडीच्या गाड्यांपैकी एक उचला. यातली कुठली वाट धरायची हे त्या अर्ध्या तासात तुम्ही काय तपासता यावर ठरतं. कारण लाँचआधीची गाडी काही बाबतींत अगदी खरं बोलते आणि काही बाबतींत तिचं म्हणणं मनावर घेण्यात अर्थ नसतो.

कशावर विश्वास ठेवायचा

बॉडीचा सांगाडा, व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यांमधलं अंतर), सीटची चौकट, खिडक्यांची उंची, सस्पेन्शनची रचना आणि गिअरबॉक्सचा प्रकार हे सगळं लाँचच्या बरंच आधी पक्कं झालेलं असतं. पत्र्याचे साचे एकदा तयार झाले की ऐनवेळी बदलणं कुणालाच परवडत नाही. म्हणून मागच्या सीटवर गुडघे टेकत असतील तर ते लाँचनंतरही टेकणारच. समोरच्या खांबामुळे वळणावर रस्ता झाकला जात असेल तर तोही झाकलेलाच राहणार.

शेवटपर्यंत बदलत राहतं ते सॉफ्टवेअर. गिअर कधी बदलायचा, स्टीअरिंग किती जड ठेवायचं, गाडी लेनमध्ये ठेवणाऱ्या लेन असिस्टने किती जोर लावायचा, स्क्रीन किती चटकन उघडायची, हे सगळं ग्राहकाच्या गाडीत वेगळं असू शकतं. दोन पॅनलमधल्या फटींचंही तसंच. प्री-प्रॉडक्शन, म्हणजे विक्रीचं उत्पादन सुरू होण्याआधी बनवलेल्या, गाडीत त्या वाकड्या दिसल्या म्हणून घाबरू नका आणि सरळ दिसल्या म्हणून खूशही होऊ नका, कारण दाखवायच्या गाडीवर कारागिरांचा हात जास्त फिरलेला असतो. पहिला प्रश्न सरळ विचारा: ही गाडी विक्रीच्या लाइनवरून आलेली आहे की प्री-प्रॉडक्शन? अंगावर काळ्यापांढऱ्या नक्षीचं आवरण असेल तर वेगात येणारा वाऱ्याचा आवाज हिशोबात धरूच नका. त्या आवरणाच्या कडा आणि वर चढवलेली खोटी पॅनल्स स्वतःच आवाज करतात.

कागदावरचे आकडे कुठे फसवतात

तुलनेसाठी बाजारातल्या नेहमीच्या गाड्या घेऊ. २०२२ साली आलेली बीएमडब्ल्यू एक्स१ ४५०० मिमी लांब आहे आणि तिचा व्हीलबेस २६९२ मिमी. मर्सिडीज जीएलएची दुसरी पिढी ४४१० मिमी, म्हणजे चक्क ९० मिमी आखूड, पण तिचा व्हीलबेस २७२९ मिमी, म्हणजे ३७ मिमी जास्त. नुसता व्हीलबेस पाहून ठरवलं तर जीएलए मोठी वाटेल. डिकी उघडली की चित्र उलटं: जीएलएची ४३५ लिटर, एक्स१ची पेट्रोल-डिझेल प्रकारांनुसार ५०० ते ५४० लिटर. दर आठवड्याला दोन मोठ्या बॅगा आणि बाळाची गाडी टाकायची असेल तर हा फरक रोज जाणवेल.

ऑडी क्यू३चं प्रकरण आणखी मजेशीर. तिच्या दुसऱ्या पिढीत मागची सीट १५० मिमी पुढे-मागे सरकते. माहितीपत्रकात ५३० लिटर आणि ६७५ लिटर असे दोन आकडे दिसतात. यातला मोठा आकडा सीट पूर्ण पुढे ओढल्यावरचा आहे, म्हणजे तेव्हा मागे मोठ्या माणसाचे पाय मावत नाहीत. २०२५ मध्ये दाखवलेली तिसरी पिढी ४५३१ मिमी, म्हणजे आधीपेक्षा लांब, पण तिच्या डिकीचा आकडा ४८८ लिटरपासून सुरू होतो. नवी पिढी म्हणजे सगळीकडे जास्त जागा, हे गृहीत धरू नका.

डिकीचे लिटर मोजायच्या पद्धतीही दोन आहेत. एका पद्धतीत ठरावीक मापाचे ठोकळे रचतात, दुसरीत द्रव भरल्यासारखा कानाकोपरा धरतात. दुसरीचा आकडा नेहमी फुगीर येतो. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी मांडण्याआधी पद्धत एकच आहे ना हे विचारा. त्याहून सोपं म्हणजे तुमची सर्वांत मोठी बॅग सोबत न्या. डिकीचा तळ उचलून खाली स्पेअर व्हील आहे, पंक्चर दुरुस्तीचं किट आहे की सबवूफर, तेही बघून घ्या.

मागची सीट तपासायची पद्धत एकच: चालकाची सीट तुमच्या उंचीला लावा आणि तिच्याच मागे जाऊन बसा. गुडघ्यांची जागा सगळेच बघतात, पावलांची कुणी बघत नाही. पुढची सीट इलेक्ट्रिक असेल आणि अगदी खाली केलेली असेल, तर खालच्या मोटरमुळे पावलं आत जात नाहीत. मग मांडी आणि सीटच्या पुढच्या कडेमध्ये किती पोकळी राहते ते हाताने पाहा. उभी मूठ सहज आत जात असेल तर लांबच्या प्रवासात मांड्या अवघडणार. मधल्या सीटवर पाचवा माणूस बसवणार असाल तर तळातला उंचवटा पाहा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या प्रकारातही तो असतोच, कारण तळ फोर-व्हील ड्राइव्ह प्रकाराचाच वापरलेला असतो.

चाकं: इथेच सर्वांत जास्त फसगत होते

लाँचआधी दाखवायची गाडी जवळपास नेहमीच सर्वांत महागड्या प्रकारातली असते. मोठी चाकं, अॅडाप्टिव्ह डॅम्पर (रस्त्यानुसार मऊ-कडक होणारे शॉक अॅब्सॉर्बर), सगळं काही. तुम्ही घेणार मधला प्रकार. तेव्हा तुम्ही जी गाडी चालवली ती आणि घरी येणार ती, या दोन वेगळ्या गाड्या झाल्या.

आकडेमोड सोपी आहे. २२५/५५ आर१८ टायरमध्ये २२५ ही मिमीमधली रुंदी आणि १८ हे रिमचे इंच; बाजूची भिंत २२५ च्या ५५ टक्के, म्हणजे सुमारे १२४ मिमी. २४५/४५ आर१९ ची सुमारे ११० मिमी. खड्ड्याच्या कडेचा धक्का आधी ही भिंत झेलते, सस्पेन्शनचा नंबर नंतर. १४ मिमी रबर कमी झालं की हळू वेगातला कडकपणा लगेच जाणवतो आणि रिम वाकण्याचा धोकाही वाढतो. त्यात टायर रनफ्लॅट असतील तर भिंत मुळातच ताठ, कारण हवा गेल्यावर गाडीचं वजन तिनेच पेलायचं असतं. एका गाडीला १९ इंची रनफ्लॅट आणि दुसरीला १८ इंची साधे टायर असतील तर ‘हिचं सस्पेन्शन कडक आहे’ हा निष्कर्षच चुकीचा ठरतो. तुम्ही टायरची तुलना केलीत, गाडीची नाही.

हवेचा दाबही पाहा. कारखान्यातून निघताना वाहतुकीसाठी टायरमध्ये जास्त हवा भरतात. ती डिलिव्हरीआधी कमी करायची असते आणि कार्यक्रमाच्या घाईत राहून जाते. चालकाच्या दाराच्या चौकटीवर योग्य दाबाचा स्टिकर असतो. खिशात मावणारा गेज सोबत ठेवा आणि निघण्याआधी, टायर थंड असताना मोजा. ४-५ पीएसआयचा फरक गाडीचा स्वभाव बदलून टाकतो. जास्त असेल तर उगाच आदळणारी वाटते, कमी असेल तर खोटी मऊ.

रस्ता मात्र दोन्ही गाड्यांसाठी तोच हवा. शक्य असेल तर त्याच दिवशी, कारण आठवड्याभरापूर्वीची गाडी कशी वाटली होती हे अंगाला नीट आठवत नाही. खराब पट्टा एकदा ताशी २५-३० किमी वेगाने आणि मग चांगल्या पण लाटांसारख्या रस्त्यावर ८० च्या आसपास. पहिल्या चाचणीत धक्क्याचा आवाज आत किती येतो ते ऐका, दुसरीत उंचवट्यानंतर गाडी एका झोक्यात स्थिरावते की आणखी एकदोनदा डोलते ते बघा. हळू वेगात मऊ असलेली गाडी वेगात डोलू शकते, आणि या वर्गातल्या बऱ्याच गाड्या वेगात उत्तम पण गल्लीबोळात कडक असतात. तुमचा वापर ज्या वेगाचा आहे त्या चाचणीला जास्त गुण द्या. मागे दोन माणसं बसवूनच फिरा. पुढे दोघंच असताना मागचा भाग हलका राहतो आणि उसळतो, भार आला की वागणं बदलतं. गाडी लागणारं कुणी घरात असेल तर त्यांनाच मागे बसवा, त्यांच्याइतकी अचूक चाचणी दुसरी नाही.

गिअरबॉक्स आणि इंजिन

एक्स१, जीएलए आणि क्यू३ बहुतेक बाजारांत ड्युअल क्लच गिअरबॉक्ससह मिळतात. व्होल्वो एक्ससी४० च्या सुरुवातीच्या अनेक प्रकारांत ८ स्पीडचा टॉर्क कन्व्हर्टर होता, रेंज रोव्हर इव्होकमध्ये ९ स्पीडचा. फरक दिसतो तो ट्रॅफिकमध्ये. टॉर्क कन्व्हर्टर द्रवातून ताकद पोहोचवतो, त्यामुळे रांगताना गाडी लोण्यासारखी सरकते. ड्युअल क्लचमध्ये क्लचच्या चकत्या घसरवत गाडी रांगते. चढावर फार वेळ असं केलं तर त्या तापतात आणि गाडी हलके झटके देते किंवा इशारा दाखवते. मोकळ्या रस्त्यावर मात्र ड्युअल क्लचचे झटपट शिफ्ट आवडतात.

तपासायला पार्किंगचा उतार पुरतो. मध्यावर थांबा, ब्रेक सोडा, हिल होल्ड गाडी किती सेकंद धरून ठेवतो ते बघा, मग अॅक्सिलरेटर अगदी हलका दाबून दहा मीटर चढा. लगेच रिव्हर्स टाका, पुन्हा ड्राइव्ह. तीन वळसे घेऊन गाडी पार्क करताना होतं तेच. इथे उशीर किंवा हिसका जाणवला तर विचारा की हे सॉफ्टवेअर अंतिम आहे का. अंतिम नसेल तर हा मुद्दा राखून ठेवा, लाँचनंतर परत तपासा.

इंजिन थंड असताना सुरू करून दाखवायला आधीच सांगून ठेवा. कार्यक्रमात गाडी सकाळपासून धावत असते, त्यामुळे थंड इंजिनाची घरघर, विशेषतः तीन सिलिंडरची, कानावर येतच नाही.

प्लग-इन हायब्रिड (इंजिनासोबत बाहेरून चार्ज होणारी बॅटरी असलेली गाडी) असेल तर बॅटरी संपवून चालवायची मागणी करा. भरलेल्या बॅटरीवर ती नेहमीच छान वाटते. इलेक्ट्रिकचं गणित स्वतः मांडा. एक्स१ ची इलेक्ट्रिक आवृत्ती असलेल्या आयएक्स१ च्या बॅटरीची वापरता येणारी क्षमता ६४.७ किलोवॅट-तास. शंभर किमीला १८ युनिट लागले तर सुमारे ३६० किमी, भरधाव हायवेवर २२ लागले तर २९० च्या आसपास. जाहिरातीतला आकडा बहुधा डब्ल्यूएलटीपी या प्रयोगशाळेतल्या प्रमाणित चाचणीचा असतो, आणि त्या चाचणीत गाडी सतत हायवेच्या वेगाने धावत नाही.

स्क्रीन

२०२२ च्या एक्स१ मधून बीएमडब्ल्यूने स्क्रीन चालवायची गोल फिरणारी आयड्राइव्ह कळ काढून टाकली, दुसऱ्या पिढीच्या क्यू३ ने एसीच्या कळा ठेवल्या होत्या. कोणती बरी यावर शोरूममध्ये वाद घालण्यापेक्षा चालवताना एसीचं तापमान दोन अंशांनी कमी करा आणि तुमची नजर रस्त्यावरून किती वेळ हटली ते शेजारच्याला मोजायला सांगा. ताशी ६० किमीला गाडी दोन सेकंदांत ३३ मीटर पुढे जाते. मोकळ्या, सरळ रस्त्यावरच करा हे.

मग कुठली वाट?

सीट, डिकी, खिडक्या, टायरचा आकार आणि गिअरबॉक्सचा प्रकार, सगळं जुळलं आणि शंका उरली ती फक्त सॉफ्टवेअरची, तर आत्ता बुक करायला हरकत नाही. मात्र फॉर्मवर प्रकाराचं पूर्ण नाव, चाकांचा इंच, डॅम्पर साधे की अॅडाप्टिव्ह, आणि किंमत जाहीर झाल्यावर बुकिंग रद्द केलं तर रक्कम पूर्ण परत मिळेल ही अट लिहून घ्या. तोंडी आश्वासन पुरत नाही.

तुम्हाला हवा तो प्रकार चालवायलाच मिळाला नसेल, किंवा क्रॅश टेस्टचा निकाल आल्याशिवाय निर्णय घ्यायचा नसेल, तर थांबा. आमचं मत विचाराल तर बहुतेकांनी थांबावंच. पहिल्या काही महिन्यांत सॉफ्टवेअरचे अपडेट आणि रिकॉल जास्त येतात, आणि थांबल्यामुळे रांगेतला नंबर मागे गेला किंवा रंगाची निवड कमी झाली तरी ते चालवून घेता येतं. अपवाद एकच: जुनी गाडी आत्ताच अडून बसलेली असेल तर.

तिसऱ्या वाटेवर बंद होत आलेल्या जुन्या पिढीची गाडी सवलतीमुळे मोह पाडते. ती घेताना निर्मितीचा महिना पाहा आणि टायरच्या बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. खूप महिने उभी असेल तर १२ व्होल्टची बॅटरी नवी मागा, आणि ताशी ८० च्या वेगाने काही किलोमीटर चालवून स्टीअरिंग थरथरतं का पाहा. एका जागी उभं राहून टायर चपटे झालेले असतात. गरम झाल्यावरही थरथर थांबली नाही, तर डिलिव्हरीआधी टायर बदलून मागा.