कुत्र्याचं मुसकं: बेळगावच्या बाजारातले चार प्रकार आणि त्यातलं घेण्याजोगं एक

मळणीच्या बैलाला मुसकं बांधलं तरी त्याचं फारसं अडत नाही, कारण त्याला अंगभर घाम येतो. कुत्र्याला घाम येतो तो पंजाच्या गाद्यांना, आणि तोही नावापुरता. अंगातली उष्णता बाहेर टाकायची त्याची मुख्य वाट म्हणजे तोंड उघडून, जीभ बाहेर काढून धापा टाकणं. तोंड मिटवून ठेवणारं मुसकं चढवून एप्रिलच्या उन्हात अथणी-रायबागकडे कुत्रं फिरवलं, तर ते बघता बघता कोसळू शकतं. म्हणून दुकानात ‘मझल’ मागितल्यावर जे पुढं येईल ते घेऊन घरी येऊ नका.

पहिला प्रकार नायलॉनच्या नळीचा. दोन्ही बाजूंनी उघडी कापडी नळी, मागे पट्टा. सगळ्यात स्वस्त, खिशात मावणारं आणि दुकानदाराच्या हाताशी असलेलं. याचा खरा उपयोग एकच: दवाखान्यात इंजेक्शन देताना किंवा नखं कापताना, पाच-दहा मिनिटं. ते काम करायचं तर ते घट्टच बसवावं लागतं, आणि घट्ट बसलं की धाप बंद, पाणी बंद. उलटी झाली तर ती आतच अडकून श्वासनलिकेत जाण्याचा धोका. सैल ठेवलं तर नळीच्या पुढच्या तोंडातून दात बाहेर येतात आणि कुत्रं चिमटा काढल्यासारखं चावतं. फिरायला नेण्यासाठी हे मुसकं आम्ही कुणालाही सुचवणार नाही, कुत्रं कितीही लहान असो.

दुसरं चामड्याच्या पट्ट्यांचं. नवं असताना हाताला फार छान लागतं, तोंडाच्या आकारावर हळूहळू बसतं, टोचत नाही. पण चामडं लाळ पितं. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसाळ्यात ते आठवडा-आठवडा वाळत नाही, त्यावर पांढरी बुरशी धरते आणि नाकावरची कातडी लाल होऊन केस गळायला लागतात. उन्हात ठेवलं तर तडे जातात. वापरायचंच असेल तर रोज पुसून सावलीत वाळवा, तेल किंवा मेण चोळा, आणि जून ते सप्टेंबर बाजूला ठेवा.

तिसरं लोखंडी तारेच्या जाळीचं. मोठ्या जबड्याच्या कुत्र्याला हे पुरून उरतं. तोंड पूर्ण उघडतं, हवा खेळती राहते. वजन मात्र जाणवतं, आणि आनंदाने उडी मारणाऱ्या रॉटवायलरचं असं मुसकं गुडघ्यावर बसलं की माणूस खाली बसतो. घेताना दोन गोष्टी बघा. नाकाच्या हाडावर टेकते ती पट्टी रबराने किंवा जाड नमद्याने मढवलेली हवी. आणि प्रत्येक जोडावर अंगठा फिरवा. एखादं टोक खरखरीत लागलं तर तिथलाच मुलामा आधी उडेल, गंज धरेल आणि तेच टोक डोळ्याखाली घासेल. उन्हात तार तापते हेही लक्षात ठेवा.

चौथं रबरी किंवा मऊ प्लॅस्टिकच्या जाळीचं, आणि आमची पसंती यालाच. हलकं, धुवायला सोपं, पावसाला न भिणारं. कुत्र्याला यातून धापा टाकता येतात, पाणी पिता येतं, फटीतून खाऊही घेता येतो. बास्करव्हिल अल्ट्रा हा परदेशी प्रकार सहा मापांत येतो आणि गरम पाण्यात मऊ करून, हाताने आकार देऊन, थंड पाण्याखाली धरला की त्याच आकारात राहतो. रुंद तोंडाच्या कुत्र्यासाठी ही सोय मोलाची आहे. किंमत नायलॉनच्या अनेक पट पडते. याच आकाराचे कडक प्लॅस्टिकचे स्वस्त नमुने बाजारात दिसतात. ते चिमटीत धरून किंचित वाकवून बघा. न वाकता करकर आवाज करणारं प्लॅस्टिक उन्हाळाभर वापरलं की पट्टा ओवायच्या खाचेपाशी तडकतं, म्हणजे नेमकं जिथं जोर येतो तिथं.

मापाकडे लोक सगळ्यात कमी लक्ष देतात, आणि मुसकं निकामी ठरतं ते बहुधा मापामुळेच. शिंप्याची टेप घ्या. नाकाच्या शेंड्यापासून दोन डोळ्यांच्या मधल्या खोलगट जागेच्या साधारण बोटभर अलीकडेपर्यंत लांबी मोजा. मग डोळ्यांच्या बोटभर खाली, तोंड मिटलेलं असताना घेर मोजा. हा घेर जसाच्या तसा दुकानात सांगितला की फसगत होते, कारण धाप टाकताना तोंड बरंच उघडतं. क्रिकेटचा टेनिस बॉल कुत्र्याच्या तोंडात द्या, आणि तो धरलेला असताना वरच्या नाकापासून खालच्या हनुवटीपर्यंतची उंची मोजा. जाळीची आतली उंची त्यापेक्षा कमी नको. नाकापुढे बोटभर मोकळी जागा हवी, जाळीची वरची कड डोळ्याला लागता कामा नये, आणि मानेच्या पट्ट्याखाली एक बोट जेमतेम जावं. मुधोळ या शिकारी जातीच्या कुत्र्याचं तोंड लांब आणि निमुळतं, रॉटवायलरचं आखूड आणि रुंद. ‘लार्ज’ या एका शब्दावर दोघांना एकच मुसकं बसत नाही. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याला जाळीचं मुसकं टिकतच नाही, त्याचा प्रकार वेगळा असतो.

कपाळावरून जाणारा तिसरा पट्टा नसलेलं मुसकं घेऊ नका. कुत्रं पुढचे दोन्ही पंजे गालांवर ठेवून, मान खाली घालून एकच झटका देतं आणि दोन पट्ट्यांचं मुसकं टोपीसारखं निघून येतं. चिकटपट्टीचं (व्हेल्क्रोचं) बंधनही टाळा. त्यात केस आणि कुसळं अडकली की महिन्याभरात पकड जाते. बकल धातूचं किंवा जाड प्लॅस्टिकचं हवं, आणि मुसक्याचा पट्टा गळपट्ट्यातून ओवून घ्यावा.

सवय लावायला दहा ते चौदा दिवस धरा. पहिले तीन दिवस मुसकं बांधायचंच नाही. जाळीच्या आतल्या बाजूला घट्ट दह्याचा पातळ थर द्या, मुसकं वाटीसारखं हातात धरा आणि कुत्र्याला आपणहून तोंड आत घालू द्या. तोंड बाहेर काढलं तर काढू द्या. चौथ्या दिवसापासून तोंड आत असताना पट्टा मानेवर नुसता टेकवा आणि सोडा. त्यानंतर पाच सेकंद बांधा, मग अर्धा मिनिट, मग दोन मिनिटं, आणि दर वेळी फटीतून उकडलेल्या चिकनचे तुकडे देत राहा. घरात दहा मिनिटं शांत राहिलं की मगच गल्लीत न्या. घाई केली आणि पहिल्याच दिवशी बांधून बाहेर ओढलं, तर मुसकं दिसताच कुत्रं पलंगाखाली जाईल आणि पुढे तुमच्याच हातावर गुरगुरेल. खाऊ म्हणून कुंद्यासारखी मिठाई मात्र नको, कितीही लाडाचं कुत्रं असलं तरी.

आता कोणत्या कुत्र्याला मुसकं हवं हा प्रश्न. केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्याने 12 मार्च 2024 रोजी राज्यांना पत्र लिहून 23 जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला सांगितलं होतं, आणि त्या जातींच्या पाळलेल्या कुत्र्यांची नसबंदी करायला. 10 एप्रिल 2024 रोजी कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं. त्या यादीत पिटबुल आणि रॉटवायलर होते. डोबरमन, जर्मन शेफर्ड नव्हते. मोठ्या जबड्याच्या कुत्र्याने धरलं तर पॉमेरियनपेक्षा जखम कितीतरी खोल होते, हे जातीचे कैवारीही नाकारू शकत नाहीत. पण मळ्यात चोवीस तास साखळीला बांधलेलं, माणसांत न मिसळलेलं, जेवताना हुसकावलं गेलेलं गावठी कुत्रं कोणत्याच यादीत नसतं, आणि मुसक्याची गरज त्यालाही तितकीच असते. आमचा सल्ला साधा आहे. कुत्रं पूर्वी कुणाला चावलं असेल, अनोळखी माणसाला पाहून झेपावत असेल, किंवा त्याचं वजन तुम्हाला दोरीवर आवरत नसेल, तर जात कोणतीही असो, गल्लीत मुसकं हवंच. वडगाव, शहापूरच्या गल्ल्यांत दारातून बाहेर पडताच समोरच्याच्या पायरीवर खेळणारं पोर असतं. तिथं विचार करायला वेळ मिळत नाही.

कायद्याचं बोलायचं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार, आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. या कलमात जातीचा उल्लेख नाही. फाटकावर कन्नड आणि मराठी दोन्हींत पाटी लावा, ‘नायि इदे, एच्चरिके’ आणि ‘कुत्र्यापासून सावध’. हेस्कॉम या वीज कंपनीचा मीटर वाचायला येणारा आणि सिलिंडर आणणारा यांना दोन्हींपैकी एक तरी वाचता येतं. पाटी लावली म्हणजे कुत्रं मोकळं सोडायला हरकत नाही, असा अर्थ कुणी काढू नये.

मुसकं घातलेलं कुत्रं एकटं सोडायचं नाही. साखळीला बांधून, पिंजऱ्यात किंवा रात्री झोपताना तर कधीच नाही. जाळी कुठं अडकली की ते स्वतःची मान आवळून घेतं. इतर कुत्री अंगावर आली तर त्याला बचाव करता येत नाही, म्हणून दोरी चार ते सहा फुटांची आणि तुमच्या हातात. भुंकणं बंद करायला मुसकं वापरणं हा निव्वळ छळ आहे. जाळीतूनही नखाएवढा ओरखडा निघू शकतो, तेव्हा दरवर्षीची रेबीजची लस चुकवू नका. ओरखडा निघालाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. चुना, हळद, मिरची काही लावू नका, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

खरेदीला जाताना शक्य असेल तर कुत्रं सोबत न्या, नाहीतर तिन्ही मापं चिठ्ठीवर लिहून न्या आणि माप बसलं नाही तर बदलून मिळेल का हे पैसे देण्याआधी विचारा. लाळ लागलेलं मुसकं कुणी परत घेत नाही. घरी आणल्यावर लेबल न काढता, दही न लावता, एकदा नुसतं तोंडाला धरून टेनिस बॉलचं माप तपासून घ्या.