स्पॅनिशमधलं ‘मला करायचंय’: काही महिने वापरल्यावर

स्पेनमधल्या वलेन्सियाला राहायला आल्यापासून स्पॅनिश व्याकरणातला एक भाग मला रोज लागतोय: काय करायचंय ते सांगण्याचा. इथे नव्याने येणाऱ्या मराठी मंडळींनी सुरुवात यानेच करावी, असं माझं ठाम मत आहे.

सूत्र लहान आहे. ‘किएरो’ म्हणायचं आणि पुढे क्रियापदाचं मूळ रूप जसंच्या तसं ठेवायचं. किएरो कोमेर, म्हणजे जेवायचंय. किएरो आप्रेन्देर, शिकायचंय. दुसऱ्या क्रियापदाची रूपं येत नसली तरी काही अडत नाही. पाठ करायचं ते एकटं ‘केरेर’, म्हणजे ‘किएरो’चंच मूळ क्रियापद: किएरो, किएरेस, किएरे, किएरेन. ‘आम्ही’साठी मात्र केरेमोस, तिथे ‘इए’ होत नाही. नकार हवा असेल तर आधी ‘नो’ लावा, झालं.

दुकानात, दवाखान्यात नुसतं ‘किएरो’ जरा रोखठोक वाटतं. तिथे ‘केरीआ’ कामाला येतं. आरोग्य केंद्राच्या खिडकीशी ‘केरीआ पेदिर थीता’ म्हटलं, की अपॉइंटमेंटचं बोलणं नीट सुरू होतं. रूप भूतकाळाचं, काम आत्ताचं. आपण नाही का म्हणत, ‘जरा विचारायचं होतं’? अगदी तसंच. ‘मे गुस्तारिया’ तर मराठी माणसाला आयतंच मिळतं, कारण ‘मला आवडेल’ची बांधणी हुबेहूब तीच, ‘मे’ म्हणजे मला. ठरलेला बेत सांगताना ‘बोय आ’ आणि मूळ रूप.

खरी मेहनत पुढे आहे. स्वतःला नाही, दुसऱ्याने काही करावं असं वाटत असेल, तर मूळ रूप चालत नाही. ‘तू यावंस असं मला वाटतं’ हे ‘किएरो के बेंगास’ होतं. शिकवण्यांमध्ये हा भाग फार उशिरा येतो, आणि घरात, कामावर तर तो पहिल्या आठवड्यापासून लागतो. इंग्रजीच्या आधाराने शिकणारे इथे अडखळतात. आपल्याकडे ‘यावंस, करावंस’ आहेच, त्यामुळे हे रूप कधी वापरायचं ते आपल्याला लवकर उमगतं. बनवायचं कसं, तर ‘मी’च्या रूपावरून: बेंगोचं (येतो) बेंगास, आगोचं (करतो) आगास, दिगोचं (सांगतो) दिगास. ‘तू जावंस’साठीच्या ‘बायास’सारखी काही रूपं मात्र वेगळी पाठ करावी लागतात.