खिशातला जुना मेट्रोनोम: काट्याचा घ्यावा की फितीचा?

जुन्या वस्तूंच्या बाजारात खिशात मावणारे मेट्रोनोम (ठरवलेल्या गतीने लयीचे ठोके दाखवणारी साधनं) मुळात कमी, आणि त्यात दोन जाती. एक हुबेहूब खिशातल्या घड्याळासारखी. स्विस बनावटीचं ‘कॅडेन्झिया’ हे त्यातलं ओळखीचं नाव. चावी द्यायची, गती लावायची, की काटा डायलवर इकडून तिकडे झुलत टिकटिकतो. दुसरी जात फितीची: शिंप्याच्या टेपसारखी गोल डबी, फितीवर गतीचे आकडे. हव्या आकड्यापर्यंत फीत ओढायची, तिथे चिमटीत धरायची आणि डबी लंबकासारखी झुलवायची.

मला स्वतःला फीतच जास्त आवडते. तिच्यात स्प्रिंग थकण्याचा प्रश्न नाही, कारण लय सांभाळतं ते गुरुत्वाकर्षण. मिनिटाला ६० ठोके हवे असतील तर लंबकाची लांबी सुमारे ९९ सेंटिमीटर लागते, १२० साठी साधारण २५. म्हणजे घेण्याआधी मोजपट्टीने खरंखोटं करता येतं: ६० च्या खुणेपासून डबीच्या मध्यापर्यंत मोजा. कापडी फीत ताणली गेली असेल तर तिथेच कळेल. अडचणी मात्र खऱ्या आहेत. ठोका ऐकू येत नाही, नुसता दिसतो. झोका विरत जातो. आणि ४० च्या गतीला सव्वादोन मीटर लांबी लागते, तेवढी उंची हाताला कुठून आणायची? वाजवता वाजवता वापरायचं हे साधन नव्हे. सुरुवातीची लय मनात बसवायची आणि डबी खाली ठेवायची.

रियाज करताना सोबत टिकटिक हवी असेल तर काट्याचाच घ्या. आवाज बारीक असतो, तबल्याशेजारी बुडून जाईल; एकट्या व्हायोलिनला किंवा सतारीला कानाजवळ ठेवून चालेल. विलंबित ख्यालाची मात्रा मिनिटाला बारा-पंधराच्या घरात असली तर ती थेट लावता येणार नाही, कारण मेट्रोनोमची रूढ मोजणीच ४० पासून सुरू होते. ४८ वर लावून चार टिकटिकींची एक मात्रा धरायची.

विकत घेण्याआधी ६० वर लावून पूर्ण मिनिट ठोके मोजा, एकदा आडवं ठेवून, एकदा उभं धरून. मग डोळे मिटून ऐका. टिक आणि टिक यांतलं अंतर एकदा कमी, एकदा जास्त अशी लंगडी चाल असेल, तर एकूण ठोके बरोबर ६० भरले तरी घेऊ नका. घ्यायचंच असेल, तर जुनी घड्याळं उघडणारा घड्याळजी आधी शोधून ठेवा.