वंशावळीच्या पेड साईटचं वर्षभराचं सबस्क्रिप्शन: ९ महिन्यांनंतरचा अनुभव (आणि देवघरातला खंडोबा)

साईटचं नाव घेत नाही, ज्यांनी पैसे भरलेत त्यांना कळेलच. पहिल्या महायुद्धातल्या पणजोबांचा रेकॉर्ड शोधायला घेतली होती. आज लिहायचं कारण म्हणजे नको असताना अपग्रेडचे पैसे कार्डातून कापले गेले, तेही पौंडात, वर बँकेचा फॉरेन करन्सी चार्ज वेगळा. कस्टमर केअरला चार मेल केले, चारही वेळा तेच छापील उत्तर. असो.

घरात माहिती एवढीच की पणजोबा 'बसऱ्याला' गेले होते, आल्यावर घोड्याचं मांस खाल्लं म्हणून भावकीने प्रायश्चित्त घ्यायला लावलं, आणि मधे कधीतरी 'रेल्वेत कामाला' होते. रेल्वे म्हणजे आम्ही सगळे जीआयपी (मुंबईची जुनी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे) धरून चाललो होतो. चुलतभावाचं तिसरंच, ते मराठ्यांच्या 'जंगी पलटण' या नावाच्या तुकडीतच होते म्हणून तो दर गणपतीत भांडतो.

आता साईटबद्दल. आडनाव मोरे. इंग्रजीत ते एम-ओ-आर-ई, म्हणजे 'मोअर', म्हणजे 'आणखी'. सर्चमध्ये टाकलं की यॉर्कशायरचे सगळे मोअर, मूर, मॉरिस हजर. मोरेचं स्पेलिंग त्या काळच्या साहेब कारकुनाने कानाला येईल तसं लिहिलेलं असणार, म्हणून मी नऊ प्रकारे टाकून पाहिलं. तीन महिने रोज रात्री जेवण झाल्यावर हेच, बायको म्हणाली त्यापेक्षा पीएफचा नॉमिनी अपडेट कर.

तीन महिन्यांनी ट्यूब पेटली. साईट ज्याची एवढी जाहिरात करते ती शिपायांची सर्व्हिस पेपर्सची फाईल मुळात ब्रिटिश आर्मीची. सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवर बॉम्ब पडले त्यात त्यातली अर्ध्याहून जास्त जळाली आणि जी उरली त्यात आपला हिंदी पलटणींचा शिपाई नाहीच, कारण इंडियन आर्मी हे खातंच वेगळं होतं. म्हणजे मी तीन महिने दुसऱ्याच्या घरात आपली चप्पल शोधत होतो. हे पैसे भरायच्या आधी कुठेही ठळक लिहिलेलं नाही, आणि माझा खरा राग यावर आहे, अपग्रेडवर नंतर.

आता मुद्द्याचं. फेब्रुवारीत आत्याकडे गेलो होतो, तिच्या देवघरात टाकांच्या रांगेत एक चांदीचा गोल खंडोबा आहे, लहानपणापासून बघतोय, घोड्यावर बसलेला. पूजेला बसलो आणि जरा निरखून पाहिलं तर खंडोबाच्या अंगावर कपडे नाहीत. उलटा केला तर मागे पंचम जॉर्ज! ब्रिटिश वॉर मेडल, छत्तीस मिलीमीटरचं. घोड्यावरचा तो सेंट जॉर्ज, आणि आमच्या घराने शंभर वर्षं त्याला भंडारा वाहिला. दुसरं व्हिक्टरी मेडल ब्राँझचं होतं, ते म्हणे 'पितळेचं' म्हणून कधीच मोडीत गेलं.

ज्यांना माहीत नाही त्यांनी एवढं लक्षात ठेवा की पहिल्या युद्धातल्या या मेडलच्या कडेवर, हो कडेवरच, शिपायाचा नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. आमच्या कडेत शंभर वर्षांचं हळदकुंकू आणि तेल घट्ट बसलेलं. आत्या घासू देईना. शेवटी तिला म्हटलं देवाला अभिषेक घालू, आणि कोमट पाणी, जुना टूथब्रश. हळूहळू एक नंबर, 'सिपाई', आमचं नाव, आणि शेवटी ११०.

म्हणजे ११०वी मराठा लाइट इन्फंट्री. जंगी पलटण म्हणजे १०३वी, त्यामुळे चुलतभावाचं प्रकरण तिथेच मिटलं (त्याने अजून मान्य केलेलं नाही). १९२२ मध्ये बहुतेक पलटणींचे नंबर बदलले, ११०वीचं तिसरी बटालियन, पाचवी मराठा झालं आणि पुढे तीच आजची २ पॅरा. नवीन नंबराने शोधलंत तर जुना माणूस सापडत नाही, हे कुठलीही साईट सांगत नाही.

आणि ११०वी होती आजच्या इराकमधल्या कूट-अल-अमारामध्ये. डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ तुर्कांचा वेढा, अन्न संपलं, घोडी कापली, हिंदी शिपाई महिनोन् महिने नाही म्हणत राहिले आणि शेवटी एप्रिलमध्ये बऱ्याच जणांनी खाल्लं. शरणागतीनंतर शिपायांना चालवत नेलं, पुष्कळ जणांना रास-अल-ऐनकडे बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपलं. रेल्वेत कामाला! मी हे वाचून तसाच बसून राहिलो. कागद अजून नाही हातात, पण जीआयपी नक्कीच नव्हती.

वर साईटला शिव्या घातल्यात त्या थोड्या मागे घेतो. इंग्लंडच्या नॅशनल आर्काइव्ह्जच्या कॅटलॉगमध्ये मेडल कार्डांचा (कुणाला कोणतं मेडल मिळालं त्या नोंदींचा) शोध आहे, तिथे नावाऐवजी नंबर आणि पलटण टाकली आणि दहा मिनिटांत कार्ड. आडनाव 'मोराय'. माझ्या नऊ स्पेलिंगमध्ये ते नव्हतं. नंतर पेड साईटवर 'मोराय' टाकलं तर तिथेही तेच कार्ड निघालं. म्हणजे होतं, सर्च गाढव होता. आणि कॅटलॉगमधला शोध फुकट आहे, हे माझ्यासारख्या कोकणस्थ सासऱ्यांच्या जावयाने आधी बघायला हवं होतं.

फुकटातलं दुसरं म्हणजे कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन, युद्धात मेलेल्या शिपायांच्या नोंदी ठेवणारी संस्था. जिवंत परतलेले तिथे नाहीत, पण आमच्या गावच्या देवळाबाहेर संगमरवरी पाटी आहे, या गावातून इतके लोक महायुद्धाला गेले, पैकी इतके मेले, फक्त आकडे, एकही नाव नाही. गावाचं नाव टाकल्यावर एक नाव आलं, वडिलांचं नाव, गाव, तालुका, जिल्हा सातारा. बसरा मेमोरियल. तिथल्या भिंतींवरही साध्या हिंदी शिपायांची नावं नव्हती, पलटणीखाली नुसती संख्या. कमिशनने २०२१ च्या अहवालात या भेदभावाची कबुली दिली. त्या घरचे लोक अजून गावात आहेत, प्रिंट काढून दिली, म्हातारीने घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवली.

एकूण दोन स्टार. एक त्या कार्डासाठी, दुसरा ऑटो-रिन्यूअल एका क्लिकमध्ये बंद झालं त्याबद्दल. गोऱ्या साहेबाचे वंशज असाल तर खुशाल घ्या, नाहीतर आधी घरातलं देवघर, ट्रंका आणि सोनाराकडे गेलेल्या वस्तूंची चौकशी करा.

मेडल परत जागेवर गेलं. मी फोटो काढून ठेवलेत, आणि निघताना म्हटलं, आत्या, कडेवर कुंकू नको लावूस गं, नंबर झाकला जातो. ती म्हणाली, "देवाला कुठे लावायचं ते तू मला शिकवू नकोस."