विहिरींचा नकाशा: आयडीडब्ल्यू की क्रिगिंग?

गुहागरकडच्या मैत्रिणीपाशी २२ विहिरींचे नायट्रेटचे आकडे आहेत. दूषणाचा उगम शोधायला विहिरींमधल्या जागेचे आकडे अंदाजाने भरून नकाशा करायचा आहे. त्यासाठी आयडीडब्ल्यू आणि क्रिगिंग यांतली कुठली पद्धत, यावर तिचं अडलंय.

आयडीडब्ल्यू सोपी: अंदाज करताना जवळच्या विहिरीचा आकडा जड धरायचा, लांबचीचा हलका. क्यूजीआयएस या नकाशे करायच्या सॉफ्टवेअरमध्ये फुकट, पाच मिनिटांचं काम. पण एकाच विहिरीने लिटरला ४५ मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडली की तिच्याभोवती गोल ठिपका उमटतो, आणि आपण त्यालाच उगम समजून बसतो! क्रिगिंगला आधी व्हेरिओग्राम (अंतर वाढेल तसा आकड्यांतला फरक कसा वाढतो त्याचा आलेख) बसवा, त्यासाठी ५०-एक नमुने हवेत. बदल्यात अंदाज कुठे कच्चा आहे तेही कळतं, उताराच्या दिशेची पसरण धरता येते. जांभ्यातलं पाणी मात्र भेगांतून पळतं. तिथे दोन्ही फसू शकतात.

२२ विहिरींना आयडीडब्ल्यू पुरे, नकाशावर शोषखड्डे हाताने मांडून. पुढचे नमुने कुठे घ्यायचे हे ठरवायचं असेल, तर आकडे वाढवून क्रिगिंग.