ओपनकॅप: दोन आयफोनवर चालण्याची तपासणी

मी बेळगावात एमपीटी (फिजिओथेरपीतलं पदव्युत्तर शिक्षण) करते, विषय सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा होऊन हालचाल बिघडलेल्या मुलांची चाल. हातात दोन आयफोन, दोन ट्रायपॉड आणि एक लॅपटॉप असेल तर ओपनकॅप, म्हणजे व्हिडिओवरून सांध्यांचे कोन काढणारं सॉफ्टवेअर, चालतं. शैक्षणिक संशोधनाला फुकट आहे.

सुरुवातीला चौकडीचा कागद छापून घ्यावा लागतो. झेरॉक्सवाल्याला 'फिट टू पेज' बंद ठेवायला आधीच सांगा आणि पट्टी लावून चौकोन मोजा. त्या मापावरूनच कॅमेऱ्यांना अंतर कळतं, तिथं फरक पडला की पुढचं सगळं बिघडतं. कागद प्लायवर नीट चिकटवा, आपल्याकडच्या पावसाळ्यात तो फुगतो.

हे सगळं कशासाठी, ते सांगते. पोर गुडघे वाकवून चालायला लागलं की आपल्याकडं 'मागच्या शिरा आखडल्यात' म्हणतात आणि गोष्ट ऑपरेशनपर्यंत जाते. स्टॅनफर्डचे स्कॉट डेल्प यांनी 1990 मध्ये पायाचं संगणकी मॉडेल मांडलं. हाड, सांधा, कुठला स्नायू कुठून कुठं जातो, सगळं त्यात. पुढं अशाच मॉडेलांवरून दिसलं की अशा बऱ्याच मुलांचा हॅमस्ट्रिंग, म्हणजे मांडीच्या मागचा स्नायू, ज्याला आपण 'मागच्या शिरा' म्हणतो, तो चालताना आखूड नसतोच. खुबा वाकलेला असतो, त्यामुळं वरच्या टोकाला तो ताणलेलाच राहतो. मग तो कापून लांब करायचा कशाला? माझ्या मते एका संशोधकानं मुलांना दिलेली ही फार मोठी गोष्ट आहे. 2007 मध्ये डेल्प यांच्या गटानं ओपनसिम, म्हणजे अशी मॉडेलं चालवायचं सॉफ्टवेअर, सगळ्यांसाठी खुलं केलं. ओपनकॅपचा शोधनिबंध 2023 चा, आणि ओपनकॅपमधून निघालेली माहिती थेट ओपनसिममध्ये उघडते.

स्क्रीनवर सांगाडा चालताना दिसतो, बाजूला गुडघ्याच्या कोनाचा आलेख. टाच टेकताना गुडघा जवळपास सरळ व्हायला पाहिजे. तिथं रेघ खाली येतच नाही, हे आईलासुद्धा बोट ठेवून दाखवता येतं.

उणिवा आहेत. कॅमेऱ्यात एकच माणूस पाहिजे, आणि आमची निम्मी पोरं आईचा हात सोडत नाहीत. हिशोब सगळा इंटरनेटवर होतो, त्यामुळं खानापूरच्या आतल्या गावात रेंज नसली की काम अडतं. अंगावर खुणेचे गोळे (मार्कर) लावून मोजणाऱ्या प्रयोगशाळेच्या तुलनेत सांध्यांच्या कोनात सरासरी 4.5 अंशांचा फरक पडतो, असं ओपनकॅपच्याच निबंधात आहे. तेव्हा ऑपरेशनचा निर्णय याच्यावर घेऊ नका. अभ्यासाला आणि आधी-नंतरची चाल ताडून बघायला मात्र जरूर वापरा.